दुसऱ्याच्या नावाचं पाकीट

१९९१ साल. सकाळचे साडेदहा. प्रसूतीच्या खोलीत ती पलंगाची दांडी घट्ट धरून कुशीवर पडली होती, आणि भूल देणारे डॉक्टर पायथ्याशी उभे राहून तिच्या तळपायावरून स्कूटरची किल्ली ओढत होते.

"बघा सिस्टर, अंगठा कसा वर जातो! अगदी पुस्तकातल्यासारखा." त्यांनी पुन्हा एकदा ओढून दाखवली. मिशीत बिस्किटाचा चुरा अडकला होता.

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार होता. चार वर्षांत उजवा पाय बधिर झाला होता, डाव्या डोळ्याला धूसर दिसायचं. कळा मात्र अख्ख्या येत होत्या.

"डॉक्टर, दुखणं थांबवायचं पाठीतलं इंजेक्शन द्या. मी पत्र आणलंय."

पत्र टेबलावर होतं. तिच्या मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी ते लिहिलं होतं आणि पाकीट चिकटवण्याआधी तिला वाचूनही दाखवलं होतं. या आजारात हे इंजेक्शन द्यायला हरकत नाही, मागेल तेव्हा द्यावं. पाकिटावर नाव इथल्या नेहमीच्या भूलतज्ज्ञांचं होतं. ते आठवडाभर रजेवर होते आणि हे त्यांच्या जागी आले होते.

"दुसऱ्याच्या नावाची पत्रं मी फोडत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि अशा आजारात पाठीत सुई घालायची? उद्या हिचे पाय गेले तर नाव माझं."

"मग मी फोडते."

"पेशंटने फोडलेल्या पत्राला काय अर्थ? आत काय घातलं, काय काढलं, कुणी सांगावं!" त्यांनी चहाचा घोट घेतला आणि कप परत ठेवला. पाकिटावरच.

सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. "परवा पायावर गरम इस्त्री पडली तर हूं की चूं केलं नाही हिने. आजच बरं सगळं दुखायला लागलं! मी तीनदा बाळंत झाले, शेजारणीला पत्ता लागला नाही."

"आई, डॉक्टरांना कळतं ना," नवरा भिंतीकडे बघत पुटपुटला.

पुढची कळ आली. तिने दांडीला दात लावले. सिस्टर कागदावर वेळ लिहीत राहिली.

कोपऱ्यात फरशी पुसणाऱ्या मावशी उठल्या. त्यांनी हात कोरडे केले, कप उचलून बाजूला ठेवला, पाकीट टर्रकन फाडलं आणि कागद उलगडून डॉक्टरांच्या नाकासमोर धरला.

"मला वाचता येत नाही साहेब. वर कुणाचं नाव आहे, मला काय ठाऊक?"

डॉक्टरांनी पत्र वाचलं. सही होती, शिक्का होता. त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने तपासलं.

"डोकं दिसतंय, सर."

"मग आता कसलं इंजेक्शन!" डॉक्टर सुटल्यासारखे हसले. "एवढं स्पष्ट लिहिलंय. आधी नाही का दाखवायचं?"

मुलगी झाली.

त्याच आठवड्यात मावशींची बदली चादरी धुण्याच्या खोलीत झाली. सफाईच्या बायकांनी कागदपत्रांना हात लावू नये, अशी पाटीही लागली. ती पाटी मावशींना शेवटपर्यंत वाचता आली नाही. डॉक्टर पुढे विभागप्रमुख झाले. निरोपाच्या समारंभात त्यांच्या शिस्तीचं फार कौतुक झालं. नवरा अजूनही सांगतो, त्या दिवशी दवाखान्यातली माणसं किती चांगली भेटली. मुलीला कुणाच्याही नावाचं पाकीट फोडायची खोड लागली, ती काही गेली नाही. मुलीच्या आईचे पाय गेले, पण चौदा वर्षांनी, आजाराच्याच चालीने.

त्यानंतर एकदा सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. सून चाकांच्या खुर्चीत बसून दवाखान्यात आली. दुखणं थांबवायच्या इंजेक्शनचा कागद पुढे आला, तेव्हा कुणी काही विचारायच्या आत तिने सही केली.

सासूबाई कण्हत म्हणाल्या, "तुला नाही गं कळायचं, किती दुखतं ते."