भोपळ्याची वाट

“आक्का, यंदाही भोपळा बाहेर पडणार नाही. पावसाआधी गाव वर हलवा,” नकाशेवालीनं गावाच्या कारभारणीला बजावलं.

सात डोंगरांमधलं सगळं पाणी झोपलेल्या राक्षसाच्या उघड्या तोंडातूनच निचरायचं. वाट मोकळी आहे ना, हे पाहायला दरसाल त्यात रंगवलेला भोपळा सोडत. तिसऱ्या दिवशी तो समुद्रावर निघे. गेली तीन वर्षं निघाला नव्हता.

“सगळ्यात खाली घर तुझ्याच सासऱ्यांचं. आधी त्यांना हलवून दाखव!” आक्का म्हणाल्या. सगळे हसले, सासरे सगळ्यात मोठ्यानं.

आक्कांनी काठावरून यंदाचा भोपळा सोडला. तो तोंडात गेला आणि लगेच उलटा तरंगत आक्कांच्या पायांशी आला. त्यावर दात उमटले होते.

आक्कांनी वर पाहिलं. आभाळ भरून आलं होतं आणि राक्षसाचं तोंड सावकाश मिटत होतं.