दसऱ्याचा मान

जुना स्टिरिओ रिसीव्हर दुरुस्त करणारा कारागीर शोधताना आप्पा निमकरांनी तीन जिल्हे पालथे घातले, तेव्हा कुठे कोल्हापुरात साळोखे मिस्त्री सापडले.

मिस्त्रींनी झाकण उघडलं आणि कपाळावर हात मारला. वरच्या जाळीतून आत हळदकुंकू, झेंडूच्या पाकळ्या आणि मूठभर अक्षता साचल्या होत्या.

"आप्पा, ह्यो रिसीव्हर हाय का देव्हारा?"

"दर दसऱ्याला मनोभावे पूजा करतो हो. तरी मुका झाला!"

तासभर ब्रश फिरवून मिस्त्रींनी बटण दाबलं. रिसीव्हर असा खणखणीत गायला की आप्पांना भरून आलं. त्यांनी लगेच पिशवीतून पूजेच्या पुड्या काढल्या.

मिस्त्री रिसीव्हरवर आडवे पडले. "अक्षता टाकायच्याच तर माझ्या डोक्यावर टाका!"

आप्पांनी भक्तिभावाने टाकल्या. मग पिशवीतून नारळ बाहेर आला.