साहेबांसाठी उपसलेली विहीर

साहेबांच्या जीपमधून उतरल्या उतरल्या झुंबरबाईनं विहिरीकडे पाहिलं. विहीर नटली होती. कठड्याला ओला चुना, चुन्यावर हळदीकुंकवाची बोटं, रहाटाला झेंडूची माळ, पुढ्यात फोडलेला नारळ. नवरीनं लाजावं, असा थाट.

तिचा दीर भिमाजी धोतर सावरत पुढं आला. अंगावर चिखल, तोंडावर आनंद.

"बघा वैनी! तुम्ही साहेबांना आणायला नाशकात गेल्या, तवर आम्ही काल दिवसभर खपलो. तळ दिसस्तवर उपसली. लाल औषध मारलं. साहेब यायचा आन् आपली विहीर वास मारायची? वस्तीची काय इज्जत ऱ्हायची?"

"भाऊजी," झुंबरबाई दातओठ खात म्हणाली, "तो वास दाखवायलाच आणलंय त्यांना."

"म्हणून पाव्हण्याला घाण दावायची का?"

आता याला काय म्हणावं? पेठ रस्त्यावर, वस्तीच्या वरच्या अंगाला पेट्रोलपंप. त्याची जमिनीतली टाकी कुठंतरी झिरपत होती. माती पिऊन पिऊन तर्र झाली, की उरलेलं विहिरीत सोडत होती. त्या पाण्याची कीर्ती पार हरसूलपर्यंत गेलेली. म्हणे, एक म्हैस ते पाणी प्याली आणि जी सुटली ती थेट नाशकात. वाटेत फक्त सिग्नलला थांबली. बिडीवाला दिसला, की विहिरीतली बेडकं हात जोडत. हे खोटं म्हणा हवं तर. पण पोरांच्या अंगावरचे चट्टे खोटे नव्हते, बायकांची डोकी धरत होती ते खोटं नव्हतं, आणि सुनेच्या, मीनाच्या, पोटात त्या पाण्याचा घोट ठरत नव्हता हे तर झुंबरबाई रोज बघत होती. मीनाला सातवा लागलेला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं, औषध नंतर, आधी पाणी बदला.

म्हणून तर तिनं पाणी तपासणाऱ्या हाफिसची पायरी झिजवली. साहेबांच्या बाटलीत पेट्रोल सापडलं, की पंपवाल्याला टाकी उकरावी लागणार आणि तोवर वस्तीला सरकारी टँकर. सगळा खेळ त्या एका बाटलीवर.

"आन् उपसली, तर हे भरलंय काय?" तिनं आत वाकून विचारलं.

"पंपावरच्या शेठनी दोन टँकर धाडले! नुसता शबुद टाकला, लगेच. लय मोठ्या मनाचा माणूस."

"डाक्टर यायचा म्हणून तुम्ही रोग्याला उठवून, पावडर लावून, कवायतीला उभं केलं, भाऊजी!"

भिमाजीला ती शाबासकीच वाटली.

साहेबांनी दोरीला बाटली बांधून खाली सोडली. भरली, वर काढली, हुंगली, उन्हात धरली.

"बाई, आमच्या ऑफिसातलं पाणी याहून वाईट आहे."

"साहेब, हे विहिरीचं पाणीच नाय. तुम्ही इकडं या." तिनं जवळजवळ त्यांच्या बाहीला धरूनच विहिरीमागं नेलं. कालचा गाळ तिथं ढीग होऊन पडला होता. काळा, तेलकट, उन्हात चमकणारा. पाच हातांवरून साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि वळून ड्रायव्हरवर ओरडले, "अरे, ती बिडी विझव आधी!"

"बघा! कळलं ना?"

"कळलं हो बाई."

"मग भरा की यातलं बाटलीत."

साहेब भला माणूस. त्यांचा चेहरा पडला. "मी पाण्याचा. माती माझ्याकडे येत नाही."

"मग माती कुणाकडं येते?"

साहेबांनी रुमालाआडून खूप विचार केला. "तसं अजून कुणी नेमलेलं नाही," ते म्हणाले.

"मग झरे भरू द्या. पंधरा दिसांनी या, वास येतोय का नाय बघा."

"आता दिवाळीनंतर."

"माझी सून आषाढात मोकळी व्हायची, साहेब!"

"तोवर हेच पाजा. चांगलं आहे."

वस्तीनं साहेबांना टोपी-उपरणं दिलं. जीपच्या धुरळ्यामागं पोरं धावली. "पास झाली, वैनी! विहीर पास झाली!" भिमाजी नाचत आला. झुंबरबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो नाचता नाचता घरी गेला.

ती एकटीच कठड्याला टेकली. पंपाच्या बाजूच्या दगडांतून, फटीफटीतून, झरा पुन्हा पाझरू लागला होता. टँकरच्या पाण्यावर त्या अंगाला एक पातळ साय धरत होती, मोरपिसासारखी, निळी-हिरवी. बघता बघता ती तळव्याएवढी झाली, मग परातीएवढी.

"मीने!" ती गरजली. "हंडे आण! कळश्या आण! पातेली, डबे, असंल ते आण!"

मीना पोट सांभाळत भांडी पुढं करत राहिली आणि झुंबरबाई साय नसलेल्या बाजूनं पोहरे उपसत राहिली. शेजारणी धावल्या. हंडे भरले, डबे भरले, दुधाची चरवी भरली. तळहात सोलवटले.

"अजून काय हाय घरात?"

"सपलं सगळं, आत्याबाई. माळ्यावर तांब्याचं घंगाळ तेवढं हाय. पर ते तर बाळाच्या पहिल्या आंघोळीचं."

"मग तेच आधी आणायचं व्हतं," झुंबरबाई म्हणाली आणि पुन्हा पोहरा सोडला.