हरणीचा चीक

हरणी गाय आठवडाभर आधीच व्याली, तेव्हा इंदुमती नेमकी तालुक्याला शीतपेटी आणायला गेली होती. तिच्या लेकीच्या, रेवाच्या, अंगात एक एन्झाइम जन्मापासूनच तयार होत नव्हतं. ते बनवणारा कारखाना बंद पडल्यावर डॉक्टरांनी हरणीची जनुकं बदलून दिली. ते एन्झाइम फक्त हरणीच्या पहिल्या दिवसाच्या चिकात उतरणार होतं, आणि त्यातूनच रेवाची वर्षभराची इंजेक्शनं निघणार होती.

इंदुमती परतली तेव्हा सासूबाई पातेलं घासत होत्या.

"चीक काही एकट्यानं खाऊ नये. खरवस करून सगळ्या आळीत वाटला," त्या म्हणाल्या. "औषध काय, उद्याच्या दुधातही उतरेलच की."

इंदुमतीनं रिकामी शीतपेटी दारातच ठेवली.

संध्याकाळपर्यंत आळीला सगळं कळलं. घराघरांतून उरलेल्या वड्या वाट्यांत झाकून परत आल्या. उकडल्यावर एन्झाइम मरतं, हे इंदुमती कुणालाच सांगत बसली नाही.

रेवानं एक वडी तोंडात टाकली.

"आई, आता सुई टोचायची नाही ना?"

"नाही," इंदुमती म्हणाली, आणि दुसरी वडी तिच्या हातावर ठेवली.