अहोजाहो

दुकानात कापड बेतताना नवऱ्याला फिट आली. तिने आधी त्याच्या हातातली कात्री काढून घेतली, मग त्याला कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली अस्तराची घडी सरकवली. फिट ओसरली, त्याने डोळे उघडले. पण नेहमीसारखंच त्याला काही ओळखू येईना. ना दुकान, ना बायको.

"घाबरू नकोस वहिनी," नणंद म्हणाली. "थोड्या वेळात सगळं जागेवर येतं त्याचं." आणि डॉक्टरांना फोन लावायला ती बाहेर गेली.

तिने त्याला चहा आणून दिला. एरवी तिला 'ए' म्हणून हाक मारणारा तो अवघडून उठून बसला आणि स्टुलावरचे कपडे बाजूला करू लागला.

"बसा ना बाई. माझ्यापायी फार धावपळ झाली तुमची. तुम्ही घेतलात चहा?"

"घेईन मागून."

"मागून कशाला? यातलाच अर्धा घ्या." त्याने बशीत चहा ओतून तिच्यापुढे धरला.

तिने बशी तोंडाला लावली. नवऱ्याच्या हातून चहा तिला त्याची फिट येऊन गेल्यावरच मिळायचा.

बशी उचलताना तिची बाही मागे सरकली. मनगटावरचे काळेनिळे वळ बघून त्याचा चेहरा उतरला.

"अरेरे. कोणी केलं हो हे?"

तिने बाही खाली ओढली.

 

"चहा संपेपर्यंत आठवेल तुम्हाला."