तिसरा गिलावा

"साहेब, ही आज यायची नाही. पहाटे गेली," गवंडी म्हणाला.

वीस वर्षांत त्याची बायको न कळवता कधी घरी राहिली नव्हती, म्हणून तो स्वतःच कचेरीत सांगायला आला होता. साहेब दालनातल्या मधल्या खांबाला टेकून चहा पीत होते. ते चटकन सरळ झाले. त्यांच्या कोटाला पाठीमागे पांढरा खडू लागला होता. तो तिचाच.

शहरातल्या पुलांच्या, टाक्यांच्या पोटातल्या सळ्या किती गंजल्या हे तपासणारी ही कचेरी. तपासायची ती. हातोडीने ठोकायचं, कान द्यायचा, आवाज पोकळ आला की खडूने गोल काढायचा. कचेरीचा स्वतःचा खांब ठोकायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने तोही ठोकला, गोल काढला, अहवाल दिला. वरचे दोन मजले याच खांबावर होते आणि याच्याच बुडाशी रोज शंभर माणसं रांगेत उभी राहत. साहेबांनी अहवालावर शेरा मारला, 'कार्यालयात रेघोट्या ओढू नयेत', आणि कचेरीच्या गवंड्याला, म्हणजे तिच्या नवऱ्यालाच, गिलावा मारायला लावला. त्याने मारला. तिने त्यावर पुन्हा गोल काढला. त्याने पुन्हा मारला. तिने पुन्हा काढला.

"मी काढायचं, तुम्ही पुसायचं. छान चाललाय आपला संसार," जेवताना ती म्हणायची.

"हुकूम आहे गं."

"एकदा फोडून तरी बघा हो."

आठ दिवसांनी त्याच दालनात शोकसभा झाली. बाईंच्या कानाला तोड नव्हती, असं साहेब वीस मिनिटं सांगत होते. मग तिचा चौकटीतला फोटो आणला गेला.

"त्या खांबावर लावा. बरोबर गोलावर," साहेब म्हणाले. "बाईंचा मान राहील आणि खांबही स्वच्छ दिसेल. मिस्त्री, खिळा तुम्हीच ठोका. तुमचा हक्क आहे."

गवंड्याने पिशवीतून तिची हातोडी काढली. खांबाला कान लावून हलकेच ठोकलं. दोनदा लिंपताना हा पोकळ आवाज ऐकायचं त्याने टाळलं होतं. त्याने खिळा खिशात टाकला आणि गोलावर घाव घातला.

दोन्ही गिलावे एकदम खाली आले. मागोमाग काँक्रीटचा जाड पापुद्रा, मग तांबडी धूळ. अंगठ्याएवढ्या सळ्यांच्या जागी पेन्सिलीएवढ्या काड्या उरल्या होत्या. एक त्याने बोटांनी मोडून दाखवली.



"चूक माझी, साहेब. दोनदा मीच झाकलं. आता टेकू लावा आणि रांग बाहेर काढा."

साहेबांनी भगदाडाकडे पाहिलं. मग फोटोकडे. वितीने आधी भगदाड मोजलं, मग फोटो.

"मिस्त्री," ते हळूच म्हणाले, "बाईंचा याहून मोठा फोटो आहे का हो घरी?"

होता. गवंड्याने नाही म्हणून सांगितलं. कचेरीने आहे तोच मोठा करून भगदाडावर लावला. खांबाला टेकू अजून लावायचा आहे.