मॅडोनापुढची मेणबत्ती

शनिवारी मोटारशर्यतीच्या पात्रता फेरीत लोरिसने दुसरा क्रमांक पटकावला, तेव्हा त्याच्या आईच्या, एर्सिलियाबाईंच्या दारात सारं गाव टाळ्या वाजवत जमलं होतं. रविवारी शर्यतीला पंधरा मिनिटंही झाली नव्हती, तोच त्याच्या गाडीचा गिअरबॉक्स निकामी झाला. चौकातल्या बारमध्ये एर्सिलियाबाईंसोबत टीव्हीसमोर बसलेल्या सगळ्यांचे चेहरे पडले.

"सिन्योरा, तुमची मॅडोना रविवारी झोपते की काय?" नेव्हिओ न्हाव्याने चर्चमधल्या मेरीमातेवरून एर्सिलियाबाईंना टोमणा मारला.

"जीभ आवर, नेव्हिओ! माझ्यासमोर असं बोलायची तुझ्या बापाची छाती नव्हती."

तेवढ्यात लोरिसचा फोन आला. तो रडत होता.

"आई, या हंगामात तिसऱ्यांदा गाडीने दगा दिला. आता पुढच्या वर्षी संघात ठेवणार नाहीत मला. तू मेणबत्ती लावली होतीस ना?"

"लावली होती, बाळा. बारा वर्षांत एकही शर्यत चुकवली नाही."

"मग पुढच्या वेळी जरा मनापासून माग ना गं."



एर्सिलियाबाई तडक चर्चमध्ये गेल्या, मॅडोनापुढे गुडघे टेकून बसल्या. पण 'गाडी बंद पाड, माझा लोरिस मात्र स्वतःच्या पायांनी घरी येऊ दे', हे बारा वर्षांचं मागणं आज काही त्यांच्या ओठांवर येईना.